एसएमपीएसचा फॅन फिरत नाहीये? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसीच्या मागे जिथे पॉवर केबल खोचतो तो, आतल्या पार्टना वीज पुरवणारा लोखंडी डबा म्हणजे एसएमपीएस, आणि त्याच्या जाळीतून दिसणारा पंखा थांबलेला दिसला की लोक एकतर घाबरून तडक नवीन घेऊन येतात नाहीतर "चालतोय ना पीसी, मग चालू दे" म्हणून तसाच वापरत राहतात. दोन्हीत नुकसान आहे. पंखा न फिरण्याची कारणं बरीच आहेत, त्यातलं एक तर बिघाडच नाही, आणि एक असं आहे की पीसी त्याच मिनिटाला बंद करायला हवा. आपलं कुठलं ते घरच्या घरी ओळखता येतं, थोडा वेळ द्यावा लागतो एवढंच.

सगळ्यात आधी काय बघायचं?

पीसी चालू होतोय का ते बघा, पंख्याकडे नंतर. विंडोज उघडतंय, काम होतंय आणि फक्त एसएमपीएसचा फॅन थांबलाय, तर एकतर तो मुद्दाम थांबलेला आहे किंवा फॅन गेलाय. आणि पीसीच डेड आहे, बटण दाबलं तरी काहीच हलत नाही, तर फॅनचा काही दोष नाही, त्याच्यापर्यंत करंटच जात नाहीये. तिसरा प्रकार म्हणजे बटण दाबलं की फॅन एक हिसका घेतो आणि थांबतो, ते सगळंच वेगळं प्रकरण आहे, खाली लिहिलंय. या तिघांची सरमिसळ केली की चुकीची वस्तू बदलली जाते, मग पैसे गेले आणि प्रॉब्लेम तिथेच.

आणि जळका वास येतोय, किंवा डबा हात ठेवता येणार नाही इतका तापलाय, तर पुढचं काही वाचत बसू नका, आधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि पिन काढा.

नवीन एसएमपीएस घेतला, पीसी मस्त चालतो, पण फॅन हलतच नाही. दुकानदाराने खराब पीस दिला का?

बहुतेक नाही. आता चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच एसएमपीएसमधे झिरो आरपीएम किंवा हायब्रिड मोड येतो, म्हणजे लोड, म्हणजे पीसी ओढतोय ती वीज, कमी असेल तोवर फॅन बंदच राहणार, आवाज शून्य. कॉर्सेअरच्या आरएमएक्स सिरीजमधे हे आहे, सीसॉनिकच्या फोकस जीएक्समधे आहे, इतरांकडेही आहे. साधारण ३०-४० टक्के लोड पडेपर्यंत किंवा आतलं टेंपरेचर ठराविक पातळीच्या वर जाईपर्यंत फॅन सुरू होत नाही. आता हिशोब करा, ६५० वॅटचा एसएमपीएस असेल तर ४० टक्के म्हणजे २६० वॅट, आणि एक्सेल, यूट्यूब, ब्राउझरमधे पंधरा टॅब एवढंच चालू असताना साधा पीसी शंभर वॅटच्या आसपासच घुटमळतो. म्हणजे ऑफिसचं काम करणाऱ्याला तो फॅन महिनोन्‌महिने फिरताना दिसणार नाही आणि ते बरोबरच आहे.

माझ्या मॉडेलमधे हा मोड आहे की नाही कसं कळणार?

बॉक्सवर झिरो आरपीएम, हायब्रिड, सेमी पॅसिव्ह किंवा इको मोड असं काहीतरी लिहिलेलं असतं. बॉक्स रद्दीत गेला असेल तर डब्याच्या बाजूच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा. काही मॉडेलना मागे मेन स्विचच्या शेजारी छोटं बटण असतं, ते एका बाजूला केलं की हायब्रिड बंद होतो आणि फॅन कायम फिरायला लागतो, काहींना तर फॅन टेस्टचंच बटण असतं. बटण नसेल तर ग्राफिक कार्डला ताण देणारा एखादा जड गेम वीस मिनिटं चालवा आणि मागून बघा. फॅन सुरू झाला तर विषय संपला.

एक मात्र सांगतो, कॅबिनेटसोबत फुकट आलेला किंवा नाव-गाव नसलेला स्वस्तातला एसएमपीएस असेल तर त्यात झिरो आरपीएम वगैरे काही नसतं. त्याचा फॅन थांबला म्हणजे बिघडलाच.

साधा एसएमपीएस आहे, फॅन बंद आहे, पण पीसी चालतोय. प्रोजेक्ट सबमिट होईपर्यंत वापरला तर चालेल?

नको. फाईल्स पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच चालू ठेवा आणि बंद करा.

असं बघा, पीसीला आत २०० वॅट लागत असतील आणि एसएमपीएसची एफिशियन्सी, म्हणजे ओढलेल्या विजेतली कामी येणारी वीज, ८५ टक्के असेल तर तो भिंतीतून साधारण २३५ वॅट ओढतो, वरचे ३५ वॅट त्या बंद डब्यात निव्वळ उष्णता म्हणून राहतात. घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, तिच्यापेक्षा जास्त उष्णता एका छोट्या डब्यात, आणि बाहेर काढणारा पंखा बंद. स्वस्तातल्या एसएमपीएसची एफिशियन्सी अजून कमी, म्हणजे उष्णता अजून जास्त. त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमधे पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे आत जाणारी हवाच गरम.

चांगल्या एसएमपीएसमधे ओव्हर टेंपरेचर प्रोटेक्शन असतं, तो स्वतःच बंद पडेल. साध्यामधे ते असेलच असं नाही. आतले कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारे पार्ट, तापून हळूहळू मरतात, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं टेंपरेचर दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा या धंद्यातला जुना हिशोब आहे. मग व्होल्टेज डळमळायला लागतं, पीसी मधेच रिस्टार्ट होतो, आणि नशीब वाईट असेल तर जाताना मदरबोर्ड नाहीतर हार्ड डिस्क घेऊन जातो. एका पंख्यापायी हार्ड डिस्कवरचे घरातले दहा वर्षांचे फोटो गेलेले लोक मी बघितलेत, त्यामुळे यात मी तडजोड सांगत नाही.

कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून टेबल फॅन लावला तर?

एसएमपीएसचा डबा तर बंदच राहणार ना, टेबल फॅनची हवा मदरबोर्डला लागेल, एसएमपीएसच्या आत काही जाणार नाही. एक-दोन दिवसांची सोय म्हणूनसुद्धा नको.

फॅन फिरतोय की नाही हेच नीट दिसत नाही, कसं बघू?

टिश्यू पेपरची किंवा वर्तमानपत्राची पातळ पट्टी मागच्या जाळीसमोर धरा. गरम हवा बाहेर येत असेल तर पट्टी फडफडेल. अजून छान दिसतं ते उदबत्तीच्या धुराने, धूर जाळीपासून लांब ढकलला जातोय की सरळ वर जातोय ते बघायचं, फक्त राख आत पडू देऊ नका आणि केबलपासून लांब धरा. एसएमपीएस खाली बसवलेला असेल तर फॅन बहुतेक तळाशी असतो, मोबाईलचा टॉर्च खालून मारा म्हणजे पाती दिसतात.

सकाळी चालू केला की फॅन फिरत नाही, घुर्र करतो, आणि दुपारनंतर आपोआप फिरतो. असं का?

बेअरिंग गेलंय. स्वस्त फॅनमधे स्लीव्ह बेअरिंग असतं, त्यातलं तेल चार-पाच वर्षांत वाळतं, धूळ बसून चिकट होतं. एसएमपीएस थंड असताना फॅनला पूर्ण १२ व्होल्ट देत नाही, टेंपरेचर बघून कमी व्होल्टेज देतो, कधी चार-पाच व्होल्टच. नवीन फॅन तेवढ्यावर आरामात सुटतो, पण चिकट झालेल्याला ती पहिली ढकल पुरत नाही. आत तापलं की व्होल्टेज वाढतं, तेलही जरा पातळ होतं, आणि मग तो फिरायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-अकरा अंश असतं तेव्हा हा प्रकार हमखास वाढतो. आपोआप बरा झाला असं समजू नका, अजून काही आठवडे, फार तर काही महिने, आणि मग तो कायमचा थांबणार.

तपासायचं असेल तर पीसी पूर्ण बंद करा, पिन काढा, आणि जाळीतून उदबत्तीच्या रिकाम्या काडीने पातं हलकेच ढकला. चांगला फॅन दोन-तीन चकरा मारून हळूच थांबतो. जिथल्या तिथे अडकला तर बेअरिंग संपलं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर किंवा सुई आत घालायची नाही, पिन काढलेली असली तरी नाही.

तेल घातलं तर फिरेल का? घरी खोबरेल तेल आहे.

खोबरेल नको, थंडीत ते गोठतं हे आपण बाटलीत बघतोच. डब्ल्यूडी-४० पण नको, ते गंज सोडवायला चांगलं पण फॅनला लागणारं वंगण ते नाही, उडून जातं आणि फॅन पहिल्यापेक्षा कोरडा पडतो. शिलाई मशीनचं तेल चालतं. फॅनच्या मधोमध गोल स्टिकर असतो, तो अर्धा सोलला की खाली रबरी बूच किंवा दांड्याचं टोक दिसतं, तिथे एक-दोन थेंब, जास्त नाही, मग हाताने फॅन फिरवून तेल मुरू द्यायचं आणि कडा नीट पुसून स्टिकर परत घट्ट बसवायचा. जुन्या फॅनचा स्टिकर काढला की तिथे काळपट राळेसारखं काहीतरी दिसतं, ते म्हणजे एकेकाळचं तेल. आधी ते पुसा, नाहीतर नवीन तेल त्यातच मिसळून घट्ट होतं.

पण हे करायला एसएमपीएस उघडावा लागतो, आणि त्याबद्दल खाली लिहिलंय ते आधी वाचा. आणि हा उपाय तात्पुरताच आहे.

आत काहीतरी अडकलंय असं वाटतंय. काय काय अडकू शकतं?

बरंच काही! नवीन फूलझाडू आणला की पहिले काही दिवस त्याची बारीक कुसं घरभर उडतात, ती फॅन ओढून घेतो, आणि कॅबिनेट जमिनीवर असेल तर मग विचारूच नका. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या पीसीचा फॅन बघायला गेलो तर जाळीला राखाडी लोकरीचा थर बसलेला, त्यात लांब केस गुंडाळलेले, आणि त्या गुंडाळीतून झाडूची एकच काडी पात्यांच्या मधे आडवी गेलेली. काडी आणि केस काढले, फॅन सुरू. काकू नवीन एसएमपीएस आणायला निघाल्या होत्या.

झुरळं आणि पाली हा दुसरा प्रकार, उबेला येतात. पाल फॅनमधे सापडते किंवा झुरळ सर्किटवर आडवं होऊन शॉर्ट करतं. तिसरं म्हणजे गावाहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पीसी आणला आणि इथे आल्यावर फॅन बंद, त्यात बहुतेक वेळा आतली एखादी सुटी वायर फॅनला टेकलेली असते किंवा जाळी दबून पात्यांना घासत असते. दबलेली जाळी बाहेरून बघितली तरी कळते, मधला भाग आत गेलेला दिसतो. हॉस्टेलला आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांनी हे आधी बघा, कारण यात खर्च शून्य आहे.

साफ कसा करायचा? पंक्चरवाल्याकडे हवा मारून आणली तर?

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, ते बारीक तुषार होऊन हवेसोबत येतं, पावसाळ्यात तर जास्तच. आणि प्रेशर एवढं की फॅनची पाती तुटतात. छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर मिळतो, किंवा मित्राकडे असतोच कुणाच्या तरी, तो आणा. पिन काढून पीसी गॅलरीत न्या, तोंडाला रुमाल बांधा, आणि हवा मारताना फॅन काडीने अडवून धरा. मोकळा सोडला तर हवेने तो त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि आधीच अशक्त झालेलं बेअरिंग तिथेच जातं.

जिथे रस्ता खणलेला आहे किंवा शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे, पुण्यात वाघोली, हिंजवडी, सिंहगड रोड, कुठेही असो, तिथे ती सिमेंटची पांढरी पूड आत जाऊन बसते. तिथे वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत पुरत नाही, दर तीन-चार महिन्यांनी हवा मारा. एका खोलीतच स्वयंपाक होत असेल तर फोडणीच्या तेलाचा थर धुळीला चिकटवून टाकतो, तो ब्लोअरने निघत नाही, ब्रशनेच काढावा लागतो.

एसएमपीएस स्वतः उघडू का? यूट्यूबवर तर सोपं वाटतं.

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे जीव जाऊ शकतो.

आपली लाईन २३० व्होल्टची, पण एसएमपीएसमधे ती डीसी होते तेव्हा आतल्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट साठतात, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असलेल्या एसएमपीएसमधे ३८० च्या आसपास. पिन काढली म्हणजे ते लगेच जात नाहीत. चार्ज उतरवायला आत रेझिस्टर असतो, पण बिघडलेल्या एसएमपीएसमधे तो ठीकच असेल याची खात्री काय? बाहेरून बघून काहीच कळत नाही, दिवा नाही, आवाज नाही, आणि डीसीचा झटका स्नायू आवळून धरतो.

त्यामुळे ज्याला मल्टिमीटरने तो कपॅसिटर मोजता येतो आणि नीट डिस्चार्ज करता येतो त्यानेच उघडावा. बाकीच्यांनी बाहेरून हवा मारणं, काडीने तपासणं इथेच थांबायचं आणि दुरुस्तीवाल्याकडे द्यायचा. वॉरंटीत असेल तर स्क्रूवरचा स्टिकर फाडला की वॉरंटीपण गेली.

दुरुस्तीवाला फक्त फॅन बदलून देईल का? पुण्यात कुठे मिळतो?

देतात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला आणि तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या सामानाची दुकानं दाटीने आहेत, तिथे फॅन मिळतो. गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही. जुना फॅन सोबत न्या, तो नसेल तर त्याच्या लेबलचा स्वच्छ फोटो. साइज बघायची, बहुतेक १२० मिमी, जुन्यांना मागे ८० मिमी, काहींना १३५ किंवा १४०. जाडी बघायची, नेहमीची २५ मिमी. व्होल्टेज १२, आणि अँपियर जुन्याच्या जवळपास, फार कमी अँपियरचा सायलेंट फॅन घातला तर हवा पुरत नाही. आतलं कनेक्टर दोन पिनचं असतं, काही स्वस्त एसएमपीएसमधे फॅन थेट सोल्डरच केलेला असतो. बॉल बेअरिंगचा मिळाला तर तो घ्या, थोडा आवाज करतो पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकतो.

फॅन उलटा बसवला की फिरताना दिसतो पण हवा भलतीकडे जाते, म्हणून फ्रेमच्या कडेवर बाण असतो तो बघून बसवायला सांगा. मोठा १२० मिमीचा फॅन हवा डब्याच्या आत ढकलतो आणि ती मागच्या जाळीतून बाहेर पडते, मागे लावलेला ८० मिमीचा हवा आतून बाहेर फेकतो.

एसएमपीएस नाव नसलेला, सात-आठ वर्षं जुना असेल तर मात्र फॅन बदलण्यात अर्थ नाही, आतले कपॅसिटरही तेवढेच म्हातारे झालेले असतात. चांगल्या कंपनीचा आणि मधल्या वयाचा असेल तर जरूर बदला.

पीसी पूर्ण डेड आहे, फॅनपण फिरत नाही, लाईटपण लागत नाही. सुरुवात कुठून करू?

बाहेरून आत या. त्याच प्लगवर मोबाईलचा चार्जर लावून बघा. स्पाईक बस्टर काढून पीसी थेट भिंतीला लावा, कितीतरी वेळा दोष त्या स्पाईक बस्टरच्या बटणातच असतो. एसएमपीएसमागचा स्विच आडव्या रेघेच्या बाजूला दाबलेला आहे ना ते बघा, गोल म्हणजे बंद, आणि टेबल सरकवताना किंवा पुसताना तो दाबला जातो. पॉवर केबल बदलून बघा, मॉनिटरची केबल बहुतेक तीच असते.

मग कॅबिनेटचं बटण. त्याच्या दोन वायर मदरबोर्डवर जातात, बटण आत अडकलं किंवा वायर निघाली की एसएमपीएसला चालू हो असा निरोपच मिळत नाही. मदरबोर्डच्या मोठ्या २४ पिनच्या आणि प्रोसेसरजवळच्या ४ किंवा ८ पिनच्या कनेक्टरला एकदा काढून घट्ट खोचा. हे सगळं करूनही काही नाही, तर खालची टेस्ट.

पेपरक्लिपची टेस्ट काय असते?

मदरबोर्ड सोडून एकटा एसएमपीएस चालू करायची युक्ती. २४ पिनच्या कनेक्टरमधे एकच हिरवी वायर असते, ती कुठल्याही काळ्या वायरला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. भिंतीतली पिन काढा, मदरबोर्डकडे जाणारे सगळे कनेक्टर सोडवा, एखादी जुनी हार्ड डिस्क किंवा कॅबिनेट फॅन लोड म्हणून लावा, कारण काही जुने एसएमपीएस लोडशिवाय सुरूच होत नाहीत. मग हिरव्या आणि काळ्यात सरळ केलेली पेपरक्लिप किंवा वायरचा तुकडा घाला, हात बाजूला घ्या, आणि शेवटी पिन लावून स्विच ऑन करा. चालू असताना तुकड्याला हात लावायचा नाही. हल्ली सगळ्याच वायर काळ्या येतात, तिथे अंदाजाने पिन मोजू नका, मॅन्युअलमधे १६ नंबरची पिन कुठे दाखवलीय ते बघा, किंवा रेडिमेड २४ पिनचा जंपर मिळतो तो घ्या.

फॅन फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे, दोष मदरबोर्ड, बटण किंवा शॉर्टमधे शोधा. फिरला नाही पण लावलेली हार्ड डिस्क घरघरली तर फक्त फॅन गेलाय, किंवा झिरो आरपीएमवाला आहे. दोन्ही नाही, तर एसएमपीएस गेला. आणि टेस्ट पास झाला म्हणजे ठणठणीत असंही नाही, लोड पडल्यावर झोपणारे एसएमपीएस असतात.

मल्टिमीटर आहे घरात, काय मोजू?

डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब काळ्या वायरला. पीसी बंद पण पिन लावलेली असताना जांभळ्यावर ५ व्होल्ट यायलाच हवेत, नाही आले तर एसएमपीएस मेलाय, पुढे मोजू नका. चालू झाल्यावर पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लाल वर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. या पट्ट्याच्या बाहेर गेला तर फॅन फिरत असला तरी बदला.

बटण दाबलं की फॅन हिसका घेतो आणि थांबतो. एसएमपीएस गेला ना?

घाई करू नका. पीसी पुढे चालू राहत असेल तर तो झिरो आरपीएमवाला आहे, सुरुवातीला एकदा फॅन फिरवून बघतो. पण पीसीही बंद पडत असेल तर बहुतेक कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला आणि तुमच्या मदरबोर्डला वाचवतोय.

एकेक गोष्ट काढत जा. सगळ्यात आधी कॅबिनेटच्या पुढचे यूएसबी पोर्ट टॉर्च मारून बघा, आतली पत्र्याची पिन वाकून कडेला टेकली की पाच व्होल्टची लाईन शॉर्ट होते, हे इतकं कॉमन आहे आणि कुणी बघतच नाही. मग ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्क, डीव्हीडी रायटर काढा, एकच रॅम ठेवा. तरी तसंच, तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालू करून बघा. बाहेर चालला तर मदरबोर्ड ज्यांवर टेकतो त्यातला एखादा पितळी खुंट, स्टँडऑफ, चुकीच्या जागी आहे किंवा खाली स्क्रू पडलाय.

गुरुवारी लाईट गेली होती, आली तेव्हापासून फॅन आणि पीसी दोन्ही बंद.

लाईट परत येते तेव्हा व्होल्टेज उसळतं, त्यात एसएमपीएसचा आतला फ्यूज किंवा पहिल्या टप्प्यातले पार्ट जातात. पिन काढून दहा मिनिटं थांबा आणि परत लावा, कधी कधी तो प्रोटेक्शनमधे अडकलेला असतो आणि सुटतो. नाही सुटला तर बदलायचाच, नुसता फ्यूज बदलून चालत नाही, फ्यूज उडाला म्हणजे त्यामागे काहीतरी शॉर्ट झालेलंच असतं. मेंटेनन्ससाठी लाईट जाणार असा महावितरणचा मेसेज आला की पिनच काढून ठेवत जा.

खूप जुना एसएमपीएस असेल तर मागे ११५/२३० चा लाल स्विच असतो, लहान मुलाने तो ११५ वर केला आणि पीसी चालू केला की फट्‌ आवाज होऊन संपतो. त्यावर चिकटपट्टी लावून टाका.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. फॅनशी संबंध आहे का?

फॅनशी नाही, अर्थिंगशी आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि जुन्या बिल्डिंगमधे प्लगला तीन भोकं दिसतात पण अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे थोडा करंट पत्र्यावर येतो, तो अर्थिंगमधून जायला हवा, रस्ता नाही म्हणून तुमच्या बोटांतून जातो. इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि तोवर अनवाणी हात लावू नका.

पावसात पीसी भिजला. वाळवून चालू करू का?

नुसता दमटपणा असेल, म्हणजे जून-जुलैत महिनाभर बंद राहिला असेल, तर आधी कोरड्या खोलीत पंख्याखाली उघडा ठेवा आणि मग चालू करा. पण पाणी आत गेलं असेल तर एसएमपीएस पुन्हा वापरायचा नाही. जुलै २०२४ मधे सिंहगड रोडला एकतानगरीत घरांमधे पाणी शिरलं होतं, तसल्या पाण्यात गाळ असतो, तो वाळला तरी सर्किटवर राहतो आणि ३२५ व्होल्टला रस्ता करून देतो. बाकीचे पार्ट वाचतात का ते बघा, हार्ड डिस्क चालू न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

एसएमपीएस उलटा बसलाय का? फॅन वर हवा की खाली?

खाली बसणारा असेल आणि कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर फॅन खाली. तळाला जाळी नसेल तर फॅन वर. आणि फॅन खाली असताना कॅबिनेट सतरंजीवर ठेवू नका.

नवीन घ्यायचाय, जुन्याच्याच केबल वापरू का? आतून ओढलेल्याच आहेत.

अजिबात नाही! मॉड्युलर, म्हणजे डब्यापासून केबल सुट्या काढता येणाऱ्या एसएमपीएसच्या केबलचं टोक दुसऱ्या कंपनीच्या डब्यात अगदी नीट बसतं पण आतला पिनचा क्रम वेगळा असतो, पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले की हार्ड डिस्क तिथेच जळते. एकाच कंपनीच्या दोन सिरीजमधेही क्रम बदलतो. डब्यासोबत आलेल्याच केबल लावा, कंटाळा आला तरी सगळ्या नव्याने ओढा.

वॅटचं म्हणाल तर ग्राफिक कार्ड नसलेल्या घरच्या पीसीला चांगला ४५० वॅट भरपूर होतो, कार्ड असेल तर कार्डच्या कंपनीने जेवढा सांगितलाय तेवढा. उगाच ८५० घेऊ नका. स्टिकरवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय त्यापेक्षा १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर आहेत ते बघा, त्याला १२ ने गुणा, खरा आकडा तोच. एफिशियन्सी सांगणारा ८० प्लसचा शिक्का बघा, आणि वॉरंटी बघा, चांगले ५, ७, अगदी १० वर्षांचीही देतात. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्यायला विसरू नका, नंतर त्यावरूनच वाद होतात.

जुना एसएमपीएस भंगारवाल्याला देऊ?

तांब्यासाठी तो उघड्यावर जाळला जातो, त्याचा धूर कुणाच्या तरी पोरांच्या नाकात जातो, म्हणून नको. ई-कचऱ्याचे नवीन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत, त्यात कंपन्यांवर जबाबदारी टाकलेली आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्या जुना माल परत घेतात, त्यांच्या साइटवर बघा. नाहीतर पुण्यात रोज कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' या संस्थेच्या ताईंना विचारा, त्यांची संस्था ई-कचरा वेगळा गोळा करते. देताना ओल्या-सुक्यात न टाकता वेगळ्या पिशवीत द्या आणि आत काय आहे ते ताईंना सांगा, म्हणजे कुणी तो डबा उघडायला जाणार नाही.